ज्युरी ड्यूटीचं बोलावणं आलंय. कोणी जाऊन आलंय का?

सोनचाफा (एडिसन, न्यू जर्सी), 30 सप्टेंबर 2019

शनिवारी टपालपेटीत पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यात कोर्टाचं पाकीट निघालं. आधी वाटलं, कुठेतरी टोल चुकवला असणार. उघडलं तर ज्युरी ड्यूटीचं समन्स, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं बोलावणं! 28 ऑक्टोबरला सकाळी न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात हजर राहायचं.

नागरिकत्वाची शपथ मार्चमध्ये घेतली. त्या परीक्षेचे 100 प्रश्न घोकताना 'फक्त नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा' याला मी 'ज्युरीत बसणं' हेच उत्तर पाठ केलं होतं, कारण ते दुसऱ्यापेक्षा लहान होतं. ते इतक्या लवकर अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

अडचणी दोन. एक म्हणजे 28 तारखेला पाडवा आहे आणि सासूबाई साताऱ्याहून खास दिवाळीला येताहेत. हे कारण चालतं का?

दुसरी जरा खरी अडचण. माझ्या दोन पोरांत आधी कोणी कोणाला मारलं हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. कोणा परक्या माणसाला तुरुंगात पाठवायचं की नाही हे मी कशी ठरवणार? दोन रात्री झोप नाही. नवरा म्हणतो, 'तुला घेणारच नाहीत, काळजी करू नकोस.' त्याचाही रागच आला.

जाऊन आलेल्यांनी सांगा. काय विचारतात? किती दिवस जातात? डबा नेता येतो का?

---

बे_एरियातला_बापू

चार वेळा बोलावणं, चार वेळा हजेरी, निवड शून्य. म्हणजे या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो. :)

पाडव्याचं असं सरळ लिहा की तारीख पुढे ढकलून द्या. पहिल्यांदा मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात, समन्सवर ऑनलाइन पत्ता असेल तिथे जाऊन करा. स्वतःला सोयीची तारीख सुचवा, नाहीतर ते त्यांना सोयीची देतील. मी एकदा 'नंतर कधीही' असं लिहिलं आणि नाताळच्या आधीचा आठवडा पदरात पडला.

आमच्या कॅलिफोर्नियात गटाचा नंबर असतो. आदल्या संध्याकाळी फोन करून किंवा वेबसाइटवर बघायचं, गट बोलावलाय की नाही. नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. असा आठवडाभर टांगून ठेवतात. बोलावलं आणि त्या दिवशी कुठल्याच खटल्यात लागलो नाही, की वर्षभर सुटका. याला 'एक दिवस किंवा एक खटला' म्हणतात.

मानधन पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून 15 डॉलर, आणि मी गेलो तेव्हा मैलाला 34 सेंट, तेही एका बाजूचेच. परत यायचे पैसे तेव्हा देत नव्हते. कोर्टात गेलेला माणूस परत येईलच कशावरून, असा हिशेब असावा.

डबा न्या. पण सुरी-काटा नको, विमानतळासारखी तपासणी असते. माझी सफरचंद कापायची सुरी गेली ती गेलीच.

---

टवाळखोर

सोप्पं आहे. न्यायाधीशाला सांगायचं, 'मला माणूस बघताक्षणी कळतं गुन्हा यानेच केलाय.' पाच मिनिटांत घरी. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

---

बे_एरियातला_बापू

@टवाळखोर, हा विनोद न्यायाधीशाने आठवड्यातून तीनदा ऐकलेला असतो. माझ्या तिसऱ्या खेपेला एकजण उठून म्हणाला, 'मला इंग्रजी समजत नाही.' न्यायाधीशबाईंनी विचारलं, काम काय करता? म्हणाला, सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. सगळं कोर्ट हसलं आणि त्याला चार वाजेपर्यंत बसवून ठेवलं. शिवाय ती उत्तरं शपथेवर द्यायची असतात, हे लक्षात ठेव.

---

मंजिरी79

वाचतेय. एक बावळट प्रश्न. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि मलाही मागच्या महिन्यात असं पत्र आलंय. मी नागरिक नाही हे कोर्टाला माहीत नाही का? फेकून दिलं तर चालेल?

---

बे_एरियातला_बापू

फेकू नका! कोर्ट नावं काढतं ती ड्रायव्हिंग लायसन्स आणि मतदारांच्या याद्यांमधून. लायसन्स तर एच-वनवाल्याकडेही (कामाच्या व्हिसावर आलेल्याकडेही) असतं, म्हणून पत्र येतं. सोबतच्या प्रश्नावलीत 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का' असा प्रश्न असतो. तिथे 'नाही', सही, मुदतीत परत पाठवा, विषय संपला. एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

चुकूनही 'हो' करू नका. स्वतःला खोटंच नागरिक म्हणवणं इमिग्रेशनच्या कायद्यात फार महाग पडतं, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तेच आडवं येतं. 'काय होतंय, बघून येऊ कोर्ट' असा उत्साह मी एका ओळखीच्याच्या तोंडून ऐकलाय, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

---

लेस्टरकर

इथे गंमत उलटी आहे. मी भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहतो आणि तरी ज्युरीत बसून आलोय.

कारण असं, की इंग्लंड-वेल्समध्ये ज्युरीसाठी नागरिकत्व नाही, मतदारयादी बघतात. आणि राष्ट्रकुल देशांचे लोक इथे कायदेशीर राहत असतील तर मतदारयादीत येतात. वय 18 ते 75, तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं या देशात वास्तव्य, एवढं जमलं की तुमचंही नाव निघू शकतं. ब्रिटिशांनी आपल्याकडे 'तुमच्यातला कोण बसणार ज्युरीत' हे ठरवलं, आता त्यांच्या आरोपीचा निकाल लावायला आपल्याला बोलावतात. आजोबांना सांगायला हवं होतं.

साधारण दहा कामाचे दिवस धरून चालायचं. पहिले तीन दिवस मी प्रतीक्षागृहात बसून एक हजार तुकड्यांचं जिगसॉ जुळवलं, त्यात आकाशाचे तुकडे आधीच्या ज्युरींनी हरवले होते. एक खटला तर आमची नावं पुकारून होईपर्यंतच आरोपीने गुन्हा कबूल केला म्हणून संपला. मालकाने पगार कापला तर कोर्ट भरपाई देतं, पहिले दहा दिवस दिवसाला जास्तीत जास्त 64.95 पौंड. माझ्या पगाराशी त्याचा काही संबंध नव्हता, पण ते असो.

शपथेच्या वेळी विचारतात, कुठल्या ग्रंथावर? गीता होती तिथे. पण सकाळी घाईत स्टेशनवर सॉसेज रोल खाल्ला होता. त्या हाताने गीतेला हात लावायचं काही मनाला येईना. मग धर्माचा उल्लेख नसलेली प्रतिज्ञा घेतली. आईला अजून सांगितलेलं नाही. ना गीतेचं, ना सॉसेजचं.

---

सोनचाफा

@लेस्टरकर, हसले खूप, बरं वाटलं. पण आत काय झालं? खटला कसला होता? तुम्हाला ठरवताना जड गेलं का?

---

लेस्टरकर

ते नाही सांगता येणार. शब्दशः नाही. ज्युरीच्या खोलीत कोण काय बोललं, कोणी कसं मत दिलं, हे इथे निकालानंतरही, जन्मभर, कोणालाही सांगणं हा गुन्हा आहे. बायकोलाही नाही. अमेरिकेत म्हणे खटला संपला की बोलायला मोकळीक असते, इथे नाही.

एवढंच सांगतो. शेवटच्या दिवशी घरी आलो, बायकोने विचारलं 'झालं?', म्हटलं 'झालं', आणि तासभर गाडी धूत बसलो. नोव्हेंबर महिना होता.

---

डॅलसची_आत्या

सोनचाफा, मी सांगते. आमच्याकडे बोलायला बंदी नाही आणि माझ्या खटल्याला सहा वर्षं होऊन गेली.

दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला होता. टेक्सासात असल्या लहान गुन्ह्यांना सहाच ज्युरर असतात, मोठ्या गुन्ह्यांना बारा. मुलगा माझ्या आशिषच्या वयाचा, आईने आणलेला असावा असा नवा कोट घातलेला, कोटाच्या बाहीवरची शिलाईची खूण अजून तशीच. मला सारखं त्या बाहीकडेच बघायला होत होतं.

पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. रस्त्यावर टाचेला पाऊल लावून नऊ पावलं सरळ चालायचं, वळायचं, पुन्हा नऊ. पोरगं दोनदा डगमगलं. आता खरं सांगू? रात्री दीड वाजता, पोलिसाचा दिवा डोळ्यांवर, मी साडीत असते तर चौथ्या पावलाला पडले असते. पण त्याआधीचंही चित्रण होतं, गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध चाललेली. ते बघितल्यावर बोलायला फार उरलं नाही.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे प्रमुख निवडणं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, शेवटी एका निवृत्त शाळामास्तरांनी पेन उचललं म्हणून तेच झाले. चिठ्ठ्या टाकल्या: चार दोषी, दोन नाही. त्या दोनांतली एक मी. मास्तरांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, 'तुम्हाला कुठली गोष्ट पटत नाही ती सांगा, आपण तीच पुन्हा बघू.' मी चालण्याचं सांगितलं. ते म्हणाले, 'ते सोडून देऊ. उरलेलं पुरतं का?' पुरत होतं. चाळीस मिनिटांत दोषी.

खरा घोर पुढेच. टेक्सासात आरोपीने मागितलं तर शिक्षाही ज्युरीच ठरवते. बाकी बहुतेक राज्यांत ते न्यायाधीशाचं काम. दोष ठरवायला चाळीस मिनिटं लागली आणि शिक्षेला अडीच तास. आत न टाकता देखरेखीखाली सोडायचं असं ठरलं. वाचून दाखवताना त्याच्या आईने तोंडाला रुमाल लावला. वाईट वाटून की सुटल्याच्या भावनेने, ते अजून मला कळलेलं नाही.

मिळाले पहिल्या दिवसाचे सहा डॉलर, पुढे दिवसाला चाळीस. पार्किंगला त्याहून जास्त गेले.

आणि एक फार महत्त्वाचं. 'तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डाने दंड भरा' असे फोन येतात. मला स्वतःला आला होता, अगदी कोर्टाचा नंबर दाखवत. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. कधीच नाही. फोन ठेवायचा आणि समन्सवरच्या नंबरला आपण फोन करायचा.

---

टवाळखोर

आत्या, साडीत चौथ्या पावलाला _/\_

---

आडवाटेचा_वकील (मुंबई)

धागा छान चाललाय. थोडं अवांतर करतो.

आपल्याकडे लोकांना ज्युरी म्हटलं की नानावटी आठवतात, आणि 'नानावटी खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, तो शेवटचा ज्युरी खटला' हे वाक्य ठरलेलं. अर्धं खरं. 27 एप्रिल 1959 ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 अशा मतांनी निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीश मेहता यांना ते मत कुठल्याच शहाण्या माणसाला पुराव्यावरून काढता येणार नाही असं वाटलं आणि त्यांनी ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1961 मध्ये ती कायम केली. पुढे 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ज्युरी मात्र देशात काही ठिकाणी नंतरही चालू राहिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही, तेव्हा ती कायद्याने संपली.

एक ज्युरीसारखी गोष्ट मुंबईत अजून आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यात न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. कायदा 1936 चा. आधी सात बसायचे, 1988 मध्ये पाच केले.

पण सोनचाफाताई, तुमचं 'मी कोण ठरवणार' वाचून मला नानावटी नाही, टिळक आठवले. 1908 चा राजद्रोहाचा खटला. मुंबई उच्च न्यायालय, न्यायमूर्ती दिनशा दावर. ज्युरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. खटला कशावर, तर 'केसरी'तल्या मराठी लेखांवर. म्हणजे 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख गुन्हा आहे की नाही हे ठरवायचं होतं अशा माणसांनी, ज्यांच्यापुढे फक्त इंग्रजी भाषांतर होतं. टिळक स्वतः उभे राहिले आणि कित्येक तास हेच सांगत राहिले, की या मराठी शब्दाचा अर्थ तुम्हाला दिलाय तो नाही. ज्युरीने 7 विरुद्ध 2 असं दोषी ठरवलं. 22 जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्या दिवशी त्यांचा 52 वा वाढदिवस होता. शिक्षेआधी ते जे बोलले त्याची संगमरवरी पाटी 1956 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच दालनाबाहेर लागली. मी तिच्यावरून रोज जातो, बहुतेक वेळा मोबाईलवर तारखा बघत.

तुम्ही नाही गेलात तर त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसणारच आहे. एवढंच म्हणतो.

(ता. क. ज्युरीला 'पंच' लिहू नका. आमच्याकडे पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा पानवाला.)

---

मंजिरी79

वकीलसाहेब, ते भाषांतराचं माहीतच नव्हतं. धन्यवाद. आणि बापू, 'नाही'वर खूण करून पाठवलं, झेरॉक्स काढून.

---

सोनचाफा, 12 ऑक्टोबर 2019

अपडेट. पुढची तारीख मिळाली, 18 नोव्हेंबर. पाडवा वाचला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'अगं, तुझे सासरे तंटामुक्तीच्या समितीवर होते, बांधाच्या भांडणांवर चहा पाजून निकाल लावायचे.' त्यांना वाटतंय मलाही चहा पाजायचाय.

वकीलसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. चांगल्या अर्थाने की वाईट, माहीत नाही.

---

बे_एरियातला_बापू

जाण्याआधी समन्स नीट वाचा, 'पेटिट' (नेहमीची, खटल्याचा निकाल देणारी) आहे की 'ग्रँड'. ग्रँड ज्युरी असेल तर प्रकरण वेगळं. तिथे 23 पर्यंत लोक असतात, दोषी की निर्दोष ठरवायचं नसतं, खटला भरण्याएवढा पुरावा आहे का एवढंच बघायचं, पण आठवड्यातून एक दिवस असं बरेच आठवडे चालतं. फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टाचं असेल तर दिवसाला 50 डॉलर, म्हणजे आपल्यात श्रीमंतच. आणि पुस्तक न्या. जाडं.

---

सोनचाफा, 24 नोव्हेंबर 2019

आले. झालं. सगळं लिहिते, कारण घरात आता कोणी ऐकून घेत नाहीये.

सोमवारी सकाळी आठला गेले. मोठा हॉल, दोनेकशे माणसं, आधी एक व्हिडिओ. मग बसून राहायचं. नेलेलं पुस्तक चाळीस पानांवर गेलं नाही, कारण शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल बोलत होती आणि तिची भाषा सोडली तर ते सगळं आपल्याकडचंच होतं.

अकराला नंबर पुकारले, त्यात माझा. खटला फौजदारी नव्हता, दिवाणी. ऐकून इतकं हलकं वाटलं! तुरुंगाचा प्रश्नच नाही. एका दुकानात ओल्या फरशीवरून घसरून एका बाईंचा खांदा मोडला होता, त्या नुकसानभरपाई मागत होत्या.

मग प्रश्न. छापील कागद हातात देतात आणि न्यायाधीश एकेकाला विचारतात. कोणावर कधी खटला भरलाय का, कधी घसरून पडलात का, भरपाई मागणाऱ्यांबद्दल तुमचं काय मत. शेवटी स्वतःबद्दल सांगायचं: काम काय, घरात कोण कोण, बातम्या कुठे वाचता, टीव्हीवर काय बघता, आणि गाडीला मागे स्टिकर आहेत का! होय, खरंच विचारतात. स्टिकरवरून माणूस कळतो म्हणे. मी म्हटलं, एक मुलाच्या शाळेच्या बँडचा आणि एक 'श्री' असा. न्यायाधीशांनी विचारलं, त्याचा अर्थ? मी सांगितलं, शुभ सुरुवात. टायपिस्टबाईंनी स्पेलिंग विचारलं. बातम्या कुठे वाचता याला मी या संकेतस्थळाचं नाव घेतलं नाही, माफ करा.

वकील ज्यांना नको म्हणतात त्यांना न्यायाधीश फक्त 'धन्यवाद, तुम्ही जाऊ शकता' म्हणतात, कारण देत नाहीत. माझ्या उजवीकडचे दोघं गेले, डावीकडची एक. दर वेळी वाटायचं आता मी. साडेतीनला कळलं की मी आहे. (नवऱ्याला मेसेज केला. त्याने नुसतं 'ओह' लिहिलं.)

आम्ही आठ जण. निकाल सहाच जण देतात, दोन राखीव. पण राखीव कोण हे आधी सांगत नाहीत, म्हणजे सगळे नीट ऐकतात.

खटल्याबद्दल घरी बोलायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही, त्या दुकानात जाऊन फरशी बघायची नाही. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण त्याच दुकानातून मी कोथिंबीर आणते. चार दिवस कोथिंबिरीशिवाय काढले. सासूबाईंनी विचारलं तर कारणही सांगता येईना.

आणि लिफ्ट. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टमध्ये शिरले तर आत त्याच बाई, नवऱ्याबरोबर. माझ्या छातीवर 'ज्युरर'चा बॅज. बोलायचं तर नाहीच, हसायचंही नाही. आपल्याला सवय असते ना, समोरचं माणूस दिसलं की 'काय, कसं?' ते तोंडातून निघता निघता गिळलं. तळमजला येईपर्यंत तिघंही दारावरचे आकडे बघत होतो. त्यांचा नवरा त्यांचा कोट हातात धरून उभा होता, उजवी बाही आधी सरळ करून, मग त्यात त्यांचा हात घातला. लिफ्ट थांबेपर्यंत तेवढंच झालं.

ते मी पुरावा म्हणून धरायचं नव्हतं, हे मला कळतं. कोर्टात दाखवलेलं नव्हतं ना.

पुरावा कोर्टात असा होता: फरशी पुसली तेव्हा पिवळी पाटी ठेवली होती, पण ती रांगेच्या दुसऱ्या टोकाला. बाई फोनवर बोलत चालल्या होत्या. दोघांचे डॉक्टर वेगवेगळं सांगत होते, दोघांचंही पटत होतं. इथे फौजदारीसारखं 'शंकेला जागाच नको' असं काही नसतं. पारडं जरासं एका बाजूला कललं तरी पुरे, आणि सहापैकी पाच जणांचं एकमत झालं तरी निकाल होतो. आणखी एक म्हणजे, कोणाची चूक किती टक्के हेही ज्युरीने सांगायचं. बाईंची चूक निम्म्याहून जास्त ठरली तर त्यांना शून्य.

मी रात्री पडल्या पडल्या टक्के काढायची. पहिल्या रात्री बाईंचे 50. दुसऱ्या रात्री 40. पाटीचे फोटो बघितल्यावर 30. 'मी कोण ठरवणार' म्हणणारी मी, बरं का. बुधवारपर्यंत माझं ठरलेलं होतं, कुठला फोटो पुन्हा मागवायचा तेसुद्धा. आत्या, तुमचे मास्तर आठवत होते. म्हटलं आवाज चढवायचा नाही, 'तुम्हाला काय पटत नाही ते सांगा' असं विचारायचं.

गुरुवारी दोन्ही वकिलांची शेवटची भाषणं झाली, न्यायाधीशांनी कायदा समजावला. मग कारकुनाने एक लाकडी पेटी आणली, तंबोल्याला असते तशी, फिरवली आणि दोन चिठ्ठ्या काढल्या. दुसरी माझी.

राखीव.

बाकी सहा आत गेले आणि मी व एक निवृत्त बसचालक शेजारच्या खोलीत. निकाल लागेपर्यंत थांबायचं, कारण कोणी आजारी पडलं तर आम्ही. तीन तास. त्याने त्याच्याकडचे शेंगदाणे दिले, मी चकली दिली. खटल्याबद्दल आम्हाला आपसातही बोलता येत नव्हतं, म्हणून दिवाळीबद्दल बोललो.

साडेचारला निकाल. बाईंची चूक 55 टक्के. म्हणजे शून्य.

न्यायाधीशांनी सगळ्यांचे आभार मानले, आता तुम्ही कोणाशीही बोलू शकता म्हणाले. बाहेर पार्किंगमध्ये त्या सहांतली एक भेटली. मी विचारलं, पाटीचा फोटो पुन्हा बघितलात का? म्हणाली, कुठला फोटो?

---

डॅलसची_आत्या

अगं बाई.

---

आडवाटेचा_वकील

फोटो पुराव्यात दाखल होता ना? मग तो त्यांच्याबरोबर आत गेलेला असणार. मागवायचीही गरज नव्हती, टेबलावरच असेल.

---

सोनचाफा

हो. तेच बसचालक म्हणाला.

---

टवाळखोर

यावर काही सुचत नाहीये. चकली भाजणीची होती का?

---

सोनचाफा

हो, सासूबाईंच्या हातची. त्याने कृती विचारली, मी 'भाजणी' इंग्रजीत सांगू शकले नाही.

---

बे_एरियातला_बापू

चेक आला का?

---

सोनचाफा, 19 डिसेंबर 2019

आज आला. पहिले तीन दिवस पाच-पाच, चौथ्याचे चाळीस. 55 डॉलर. तोच आकडा! बँकेत टाकलेला नाही अजून, फ्रिजवर लावलाय.

---

नवा_गडी, 8 जानेवारी 2020

नमस्कार मंडळी. सगळा धागा वाचला नाही, क्षमस्व. मी एच-वनवर आहे आणि काल ज्युरी समन्स आलं. मॅनेजर म्हणतो जायलाच लागेल. जायचं का?

---

मंजिरी79

नाही. प्रश्नावलीत नागरिकत्वाचा प्रश्न असेल, तिथे 'नाही', सही करून मुदतीत परत पाठवा. झेरॉक्स काढून ठेवा. मॅनेजरला काही सांगू नका.